विंगेतल्या वह्या रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आपण विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या सांगलीतल्या प्रयोगाची आठवण काढतो. परळ-लालबागच्या हौशी नाटकांची आठवण कोण काढणार? आमच्या संस्थेत मी एकवीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की विंगेतून त्याला वाक्य द्यायचं. तालमी चाळीच्या गच्चीवर व्हायच्या. नट गिरणीतले, त्यामुळे पाळी बदलली की तालमीची वेळही बदलायची.

१९८२चा गिरणी संप लांबला आणि आमचा नायक गावी गेला, तो परत आलाच नाही. पुढच्या वर्षी त्याची भूमिका त्याच्या धाकट्या भावाने केली. तिसऱ्या घंटेला त्याचे हात थरथरत होते. दुसऱ्या अंकात तो अडला. मी विंगेतून वाक्य दिलं, पुन्हा दिलं, त्याला ऐकूच येईना. शेवटी आईचं काम करणाऱ्या बाईंनी पुढचं वाक्य आधी घेऊन त्याला सावरलं. प्रेक्षकांना कळलंही नाही.

त्या प्रयोगाची संहितेची वही माझ्याकडे आहे. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेल्या हालचाली, प्रकाशाच्या खुणा, सगळं तिच्यात आहे. बाकी अकरा नाटकांच्या वह्या पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना रद्दीत गेल्या. ते मला फार लागलं.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालू आहे. जुन्या संस्थांच्या अशा वह्या अजून माळ्यांवर असतील. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने त्या मागवून स्कॅन कराव्यात. माझी वही मी स्वतः आणून देईन, फक्त ती मला परत मिळावी.

– एक निवृत्त शिक्षिका, परळ