देणगी यंत्राला मिळाली, दिव्याला नाही

महोदय,

विद्यापीठातील मुलींच्या विज्ञान शिक्षणासाठी मिळालेल्या देणगीची बातमी काल आपल्या अंकात वाचली. देणगीदारांचे मनापासून अभिनंदन. पण बातमीत नव्या इमारतीचे नाव आले, भूमिपूजन आले, पाहुण्यांची भाषणे आली. त्या इमारतीतली प्रयोगशाळा पुढे कोणाच्या पैशावर चालणार, याबद्दल एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. आमच्या महाविद्यालयाला एका कुटुंबाने मुलींसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणारे यंत्र, घेऊन दिला. फार चांगले यंत्र होते. त्यातला प्रकाश पुरवणारा ड्युटेरियम दिवा हजार-दोन हजार तासांत संपतो, तसा तो संपला. नव्या दिव्यासाठी अर्ज केला तर कार्यालयाचे उत्तर आले, की देणगीपत्रात फक्त 'यंत्रखरेदीसाठी' असे लिहिले आहे, उरलेल्या रकमेतून सुटे भाग घेता येणार नाहीत. रक्कम बँकेत राहिली आणि यंत्र कापडाखाली गेले. पुढच्या मुलींनी आधीच्या मुलींच्या जर्नलमधली निरीक्षणे उतरवून घेतली आणि त्यावर प्रात्यक्षिकाचे गुण मिळवले. एकीने मला विचारले, "मॅडम, हा आलेख खरंच असा येतो का?" तो तिला दाखवण्याची माझ्याकडे सोय नव्हती. त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. देणाऱ्यांनी हात आखडता घेतला नव्हता. पण दिवा बदलावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

कागदावर काय लिहायचे हे जाणणारे देणगीदार पूर्वी होऊन गेले आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय पैशांअभावी अडले होते. मेरी गॅरेट यांनी १८९२ च्या अखेरीस तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन ते मार्गी लावले, पण स्त्रियांना पुरुषांच्याच निकषांवर प्रवेश मिळाला पाहिजे, ही अट लेखी घालून. १८९३ मधल्या अठरा जणांच्या पहिल्या तुकडीत तीन स्त्रिया होत्या. मेरी क्युरी यांना १९२१ मध्ये अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी काढून एक ग्रॅम रेडियम दिले, तेव्हा समारंभाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दानपत्र बदलून घेतले. रेडियम आपल्या वारसांकडे न जाता प्रयोगशाळेकडेच राहावे, एवढ्यासाठी. आणि खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांनी २०१८ मध्ये पुरस्काराची तेवीस लाख पौंडांची सगळी रक्कम दिली ती भौतिकशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्या स्त्रिया, निर्वासित आणि इतर वंचित गटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी. तो पैसा थेट शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचतो.

इमारत नको, असे माझे म्हणणे नाही. पण त्याच देणगीपत्रात दुरुस्ती, रसायने, काचसामान आणि प्रयोगशाळा सहायकाचा पगार यांसाठी वेगळा कायम निधी लिहून ठेवावा. सहायक नसला की प्रयोगशाळा दुपारीच बंद होते, आणि लांबून येणाऱ्या मुलीचा अपुरा राहिलेला प्रयोग अपुराच राहतो. विद्यापीठांनीही देणगी स्वीकारताना हा खर्च स्वतःहून सांगायला हवा. तो मागायला संकोच का वाटतो, हे मला कधीच समजलेले नाही.

आणखी एक. बातमीसोबतच्या छायाचित्राखाली व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव पदासह छापले आहे. मागच्या रांगेतल्या शिष्यवृत्ती मिळालेल्या मुली मात्र फक्त 'विद्यार्थिनी'. ज्यांच्या नावाने हा पैसा जमला, त्यांची नावे आणि प्रत्येकीचा विषय, एवढे तरी पुढच्या अंकात छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापिका