साथीच्या दिवसांतली अंगणवाडी: लेकीस पत्र

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून तुझी नेमणूक डहाणूकडे झाली, याचा मला केवढा आनंद झालाय! परवा तू विचारलंस, "आई, पुन्हा करोनासारखी साथ आली आणि अंगणवाड्या बंद पडल्या, तर मी सेविकांना काय सांगू?" फोनवर एवढं सगळं बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

मार्च 2020 मध्ये अंगणवाडीला कुलूप लागलं, तेव्हा तू घरीच होतीस. पत्रकं यायची, त्यांत हात धुणं, अंतर, शिधावाटप हे सगळं असायचं, आणि ते गरजेचंच होतं. पण तीन-चार वर्षांच्या पोराचं काय झालं होतं बघ. रोज सकाळी ठरल्या वेळी यायचं, गोल करून बसायचं, बडबडगीत म्हणायचं, गरम खिचडी खायची, हा त्याचा सगळा दिवसच कुणीतरी काढून घेतला होता. का, ते त्याला कळणार नव्हतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: इमारत बंद झाली तरी ओळखीचं माणूस बंद होता कामा नये. ठरल्या वारी, ठरल्या वेळी सेविकेनं दारात जावं. पाचच मिनिटं थांबली तरी चालेल, पण पोरानं वाट बघावी आणि बाई याव्यात. दुरून, उघड्या अंगणात उभं राहून क्षणभर मास्क खाली करून चेहरा दाखवायचा. नुसते डोळे बघून लहान पोरं बिचकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं होतं. तेव्हा त्यावरून पोरांना कुणी रागावू नये.

तू ज्या भागात चाललीस, तिथं हे नवं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली तिथल्याच बोर्डीला आल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. सवड काढून कोसबाडला जाऊन ये.

शिध्याचं सांगते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गरम ताजा आहार थांबला आणि त्याऐवजी गहू, डाळ, हळद, तिखट, मीठ घरी गेलं. तेव्हाच्या नियमात मुलाच्या वाट्याला दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं होती. पण मजुरी बुडालेल्या घरात ती डाळ सगळ्यांच्या पातेल्यात जाते, आणि त्यात त्या माउलीचा काय दोष? म्हणून सही घेऊन परत फिरायचं नाही. "आज यानं काय खाल्लं?" हे आईशेजारी बसून विचारायचं. वजनकाट्यावर गर्दी नको असेल, तर दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी आईच्याच हातात द्यावी आणि मोजायला शिकवावं. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की थांबायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायचं.

मोबाइलवरच्या व्हिडिओंवर माझा फारसा विश्वास बसला नाही. फोन बापाबरोबर कामावर जायचा, नाहीतर रिचार्ज नसायचा. साधा फोन लावून बाईंनी नाव घेऊन हाक मारली, की पोरं केवढी खुलायची! तेवढं सेविकांना नक्की करायला लाव.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. घरात कुणी गेलं, की मोठी माणसं लेकरांना सांगायची, "आजोबा गावाला गेले." मग ते लेकरू रोज रस्त्याकडे डोळे लावून बसायचं, आणि आई बाजाराला निघाली तरी तिचा पदर सोडायचं नाही. सोनी, मुलांशी खरं बोलावं. आजोबा खूप आजारी होते, ते वारले, आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही, असं थोडक्यात, जवळ घेऊन सांगावं. पोरं तेच तेच विचारतात. दर वेळी तेच उत्तर द्यावं. बाहुलीला ताप आलाय, तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय, असे खेळ खेळू लागली तर अडवू नये. मनातली भीती ती खेळातूनच बाहेर काढतात.

आणि उघडल्यानंतर घाई नको. ज्यांनी घराबाहेरचं माणूस पाहिलंच नव्हतं अशी पोरं आली, तेव्हा दारातच हंबरडा फोडायची. काही नीट बोलतही नव्हती. पालक विचारायचे, अक्षरं कधी शिकवणार? अक्षरं थांबू शकतात. आईला हवे तितके दिवस शेजारी बसू द्यावं, माती, पाणी, गाणी यांत पोरांना रमू द्यावं.

हे सगळं करणारी बाई स्वतःही घाबरलेली असते, हे मात्र तू धरून चाल. करोनात घरोघरी तपासणीची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम होती, तिच्यात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरताना माझ्या पोटात रोज गोळा यायचा, तुम्हा दोघांकडे काही आणू नये म्हणून. मानधन वेळेवर मिळावं, मास्क-सॅनिटायझर तिच्या पदरचं नसावं, आणि आठवड्यातून एकदा कुणी तिला "तू कशी आहेस?" म्हणून विचारावं. यासाठी वरिष्ठांशी भांडावं लागलं तर भांड. तो तुझ्या कामाचाच भाग आहे.

चित्रांचे तक्ते आणि माझी गाण्यांची वही कपाटात खालच्या खणात ठेवली आहे. पुढच्या खेपेला घेऊन जा, झेरॉक्स काढून सगळ्या सेविकांना वाट. पोहोचलीस की फोन कर.

तुझी,
आई