कोरियातल्या फाट्यांवर उभे राहिलेले जवान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोरियन युद्धावरचा लेख वाचला. इंचॉनची चढाई त्यात छान रंगली आहे. पण त्याआधीची, उत्तर कोरियाच्या हल्ल्यापुढची १९५० च्या जुलै-ऑगस्टमधली माघार लेखकाने एका वाक्यात उरकली, आणि तीही अमेरिकन सैन्याची पळापळ म्हणून. मी आपल्या लष्कराच्या मिलिटरी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हे वाक्य मला फार लागले. माघारीची पळापळ होऊ नये म्हणून कोणीतरी फाट्याफाट्यावर उभे असते. त्या मिलिटरी पोलिसांबद्दल लेखात एक अक्षर नाही.

त्या वेळी दक्षिण कोरियात बहुतेक रस्ते कच्चे आणि अरुंद होते, दोन्ही अंगांना भाताची खाचरे. त्याच रस्त्याने दारूगोळा पुढे जायचा, जखमी मागे यायचे आणि पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसे डोक्यावर बोचकी घेऊन दक्षिणेकडे चालत यायची. एक ट्रक खाचरात कलंडला की मागची सगळी रांग अडणार. अशा वेळी आधी तोफ सोडायची की रुग्णवाहिका, हे फाट्यावरचा शिपाई ठरवतो आणि समोर कर्नलची जीप असली तरी तिला थांबवतो. तुकडीपासून चुकलेले जवान बाजूला घेणे हेही त्याचेच काम. तुकडी कोणती, रायफल कुठे आहे, एवढे विचारायचे, पाणी द्यायचे आणि परत पाठवायचे. घाबरलेल्या पोरावर तिथे ओरडून चालत नाही.

एक वळण चुकले तर काय होते, ते २० जुलैला तेजॉनमध्ये दिसले. शहर जळत होते. अमेरिकेच्या २४ व्या डिव्हिजनचे प्रमुख जनरल विल्यम डीन बाहेर पडताना ओकचॉनचा रस्ता चुकले. महिनाभराहून अधिक काळ ते डोंगरांत भटकले आणि २५ ऑगस्टला शत्रूच्या हाती लागले. या युद्धात कैद झालेले ते सर्वांत वरिष्ठ अमेरिकन अधिकारी.

सर्वांत अवघड प्रश्न निर्वासितांचा होता. उत्तर कोरियाचे सैनिक साध्या कपड्यांत गर्दीत मिसळून येत आहेत, ही भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण २६ जुलैला अमेरिकेच्या आठव्या आर्मीने निर्वासितांना आघाडी ओलांडू देऊ नये असा हुकूम काढला. त्याच दिवसापासून नोगन-री येथे अमेरिकन पायदळाच्या गोळीबारात रेल्वेपुलाखाली गावकरी मारले गेले. ३ ऑगस्टला वेग्वान गावाजवळ नाकतोंग नदीवरच्या पुलावर, शेवटची तुकडी ओलांडू लागली की तिच्या मागोमाग लोक येत. त्यांना मागे रेटले की पुन्हा येत. अखेर अंधार पडताना तिथल्या अमेरिकन डिव्हिजनचे प्रमुख जनरल गे यांनी पूल उडवायला सांगितला, तेव्हा त्यावर शेकडो माणसे होती. गर्दी अडवायची तर तिला जायला दुसरी वाट, पाणी आणि तिची भाषा बोलणारा माणूस द्यावा लागतो. यातले काहीच पुरेसे नव्हते. दोष शिपायापेक्षा हुकूम देणाऱ्यांकडे जास्त जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

युद्धकैदी सांभाळणे हेही मिलिटरी पोलिसांचेच काम, आणि तिथेही तेच झाले. ऑगस्ट १९५० मध्ये अमेरिकन बाजूच्या ताब्यात हजाराच्या आत असलेले कैदी नोव्हेंबरपर्यंत १,३०,००० च्या वर गेले. पहारेकरी त्या प्रमाणात वाढले नाहीत. पुढे कोजे बेटावरच्या छावणीत मे १९५२ मध्ये कैद्यांनी छावणीप्रमुख जनरल डॉड यांनाच आत ओढून तीन दिवस डांबून ठेवले, त्याची मुळे १९५० मधल्या या ओढाताणीतच आहेत.

आणि इथे आपल्या मातीचा माणूस येतो. कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात १९५३ मध्ये भारतीय कस्टोडियन फोर्सचे, म्हणजे युद्धकैदी सांभाळायला पाठवलेल्या भारतीय दलाचे, प्रमुख म्हणून कोरियात गेले. मायदेशी परतायला तयार नसलेले २२,००० हून अधिक कैदी त्यांच्या ताब्यात होते. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी त्यांच्या दलातल्या मेजर ग्रेवाल यांना कुंपणाआड धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्यांना सोडवून आणले. त्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळाले.

लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असे छापले आहे. त्यात थोरात यांच्या या कामगिरीला निदान अर्धे पान द्यावे आणि १९५० च्या माघारीतल्या मिलिटरी पोलिसांवर एक परिच्छेद तरी घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार, सातारा