हवामानाचा इशारा अर्धवट छापू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिना लागला की तुमच्या पेपरात रोज तीच ओळ, 'कोकणात मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, यलो अलर्ट'. आता यातून आंबेवाल्याने काय समजायचं नि होडीवाल्याने काय? गडगडाटी पावसातही प्रकार असतात हो, नि हवामान खात्याच्या मूळ इशाऱ्यात वाऱ्याचा वेगही दिलेला असतो, छापताना नेमका तोच गळतो.

आपल्याकडे वळवाचा पाऊस बनतो तो असा, सकाळपासून उकडतं, दुपारी समुद्रावरचा दमट वारा आत शिरतो नि सह्याद्रीला थडकून वर चढतो, तीन-चार वाजेपर्यंत घाटावर ढग उभे राहतात आणि वरचा वारा पूर्वेचा असला तर संध्याकाळी तेच ढग किनाऱ्याकडे उतरतात. एकटादुकटा ढग असेल तर अर्ध्या-एक तासात खेळ खलास, राजापुरात धो धो नि विजयदुर्गात थेंब नाही. पण कधी कधी त्या ढगातून खाली आपटलेली गार हवा शेजारची गरम हवा वर ढकलते, तिथे दुसरा ढग तयार होतो, मग तिसरा, नि हे तासन् तास चालतं. असे ढग ओळीने उभे राहिले तर पावसाच्या आधी वाराच सुटतो, आणि बागेतला आंबा पडतो तो बहुतेक या वाऱ्याने. (यूट्यूबवर अमेरिकेतले सुपरसेल, म्हणजे गरगर फिरणारे अजस्र वादळी ढग, बघून घाबरणारे पण आहेत, ते आपल्याकडे क्वचितच.)

जुलैत एवढा कोसळतो पण वीज तशी कमी, कारण तेव्हाचे ढग बहुतेक वेळा तेवढे उंच जात नाहीत. विजेचा खरा धोका पावसाळ्याच्या तोंडावर नि परत ऑक्टोबरात, ऐन भातकापणीत माणसं उघड्या मळ्यात असतात तेव्हा.

तर राशिभविष्याला अर्धा कॉलम देता त्यातली थोडी जागा इकडे द्या. रंगाबरोबर वाऱ्याचा आकडा छापा, ताशी 30-40 किमी आणि 50-60 किमी यात बागायतदाराला खूप फरक पडतो. पेपर सकाळी येतो नि ढग दुपारी बनतो हे मान्य, म्हणून खाली कायमची एक ओळ टाका की दुपारनंतर खात्याचा पुढच्या 3 तासांचा अंदाज बघा, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलात ठेवा, 20 ते 40 किमीच्या आत वीज पडत असली तर ते कळवतं.

आपला,
एक आंबा बागायतदार, देवगड