पाला देणाऱ्या आणि वेळेला नाकारणाऱ्या काकींना

तीर्थस्वरूप काकींना,
साष्टांग नमस्कार.

निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा तुम्ही सात कुंड्या आणून ठेवल्यात. वाटेत पानं झडली तरी मला झाड ओळखू यावं म्हणून प्रत्येक कुंडीच्या गळ्याला चिंधी बांधलेली. अडुळशाला पांढरी, गुळवेलीला हिरवी, वेखंडाला लाल. "लाल म्हणजे विचारल्याबिगर कुणाला द्यायचं नाही," एवढंच म्हणालात आणि आत गेलात. शाळेतल्या नोकरीत लातूरला बदली मिळावी म्हणून मी सात वर्षं अर्ज करत होते. ती मिळाली त्या सकाळी मात्र घसा दाटून आला आणि आभार मानायचे राहून गेले.

आज ते चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण इथे लातूरला गच्ची बघून लोक विचारतात, "बाई, हे कुठे शिकलात?" उत्तर एकदाच आणि नीट द्यायला हवं. तुमचं नाव आणि गाव मात्र लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, "नाव छापलंस तर पोती घेऊन माणसं येतील." नरक्याचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. त्या झाडातल्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून कर्करोगावरची औषधं होतात हे कळलं आणि सह्याद्रीत कुऱ्हाडी शिरल्या. तुमच्या वरच्या रानातली झाडं बुडापासून गेली. म्हणून महाड तालुक्यातलं एक गाव, एवढंच पुरे.

मी तुमच्या माडीवर राहायला आले तो २०१६ चा जून. त्याच एप्रिलात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घागरी मोजून वापरणारी मी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा ठिकाणी येऊन पडले. सगळं हिरवं आणि सगळं सारखंच. ओळखीची निघाली ती एक एकदांडी, जिला आमच्याकडे कंबरमोडी म्हणतात. खरचटलं की तिचा पाला चुरगाळून रस लावायचा, हे मला आईनं शिकवलेलं. बाकी रान माझ्यासाठी मुकं होतं.

पहिल्याच आठवड्यात बाजारातून शेवळं ही पावसाळी रानभाजी आणली आणि आपल्या साध्या भाजीसारखी फोडणीला टाकली. दोन घासांत घसा सोलल्यासारखा झाला. तुम्ही माडी चढून आलात, आमसुलाचं पाणी पाजलंत आणि विचारलंत, "काकडं नाही घातलीस?" काकड नावाच्या झाडाची आंबट फळं शेवळात घालतात, त्या आंबटानं खाज मरते, हे मला तेव्हा कळलं. जाताना म्हणालात, "विचारायला लाजू नको, बाय. रानातलं खाताना लाजून चालत नाही." माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

त्याच पावसात, २ ऑगस्टच्या रात्री, सावित्री नदीवरचा जुना पूल गाड्यांसकट वाहून गेला. सगळा तालुका सुन्न होता. महाडला जायची सोय नव्हती आणि मला खोकल्यानं आठ दिवस झोप नव्हती. तुम्ही अडुळशाची पानं केळीच्या पानात गुंडाळून चुलीच्या कडेला गरम राखेत ठेवलीत. कच्ची पानं कितीही कुटली तरी रस सुटत नाही, उबेनं मऊ पडली की पिळता येतात. चमचाभर रस आणि तेवढाच मध. पण हातात वाटी देण्याआधी जवळ येऊन हळूच विचारलंत, "पाळी चुकली नाही ना?" मला तो प्रश्न तेव्हा आगाऊ वाटला होता. अडुळसा गर्भाशयावर काम करतो, पोटुशी बाईला तो द्यायचा नाही, हे पुढे समजलं. औषध मागायला आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही हे विचारायचात. सासू शेजारी उभी असली तर आधी सासूला पाणी आणायला आत पाठवायचात.

पुढे कधीतरी मी वाचलं की खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच तयार झालेलं आहे. मोठ्या उत्साहानं तुम्हाला सांगायला आले. तुम्ही भात पाखडत होतात. "मग बाटली चालते की," म्हणालात, "भर पावसात पाल्याला कोण जाईल." तुमचा पाल्यावर जीव होता, पण हट्ट कधीच नव्हता. ते मला उमगायला वेळ लागला.

तुमच्या शिकवण्याला घाई नव्हती. महिन्याला एक झाड. ते कोंब असताना बघायचं, फुलावर बघायचं, बी धरल्यावर बघायचं आणि वाळल्यावरही बघायचं. चारही वेळा ओळखलं तर खुडायची परवानगी. माक्याचं पान तळहातावर चोळायला लावलंत. जरा वेळानं हिरवा रस काळा पडला, तेव्हा म्हणालात, "हा माका." शाळेच्या कुंपणाला पिवळ्या फुलांची वेल होती, तीही लोक माका म्हणून न्यायचे. माक्याचं फूल पांढरं, हे मी त्या दिवसापासून विसरले नाही. तेल करताना खोबरेलात रस घालून मंद आचेवर ठेवायचं आणि कान द्यायचा. कढई बोलायची थांबली की वात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर पाणी अजून आहे. असं केलेलं तेल माझ्याकडे वर्षभर खवट झालं नाही.

नावांचा घोळही तुम्हीच सोडवलात. विहिरीच्या ओलाव्याला पसरलेल्या, बेडकाच्या पायासारख्या गोल पानांच्या वेलीला तुम्ही कारिवणा म्हणायचात. बाजारात तीच ब्राह्मी. माझ्या पुस्तकात मात्र ती मंडूकपर्णी, आणि ब्राह्मी म्हणजे बारीक, जाडसर पानांचं वेगळंच झाड. मी पुस्तक उघडून दोन्ही चित्रं दाखवली. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "नाव ऐकून कधी घेऊ नको. पान बघून घे."

गुळवेलीचं बुड तुम्ही कधी तोडू दिलं नाहीत. वरचा अंगठ्याएवढा जाड तुकडा घ्यायचा, तोही निंबावरच्या वेलीचा. उरलेला तुकडा फांदीवर टांगून ठेवलात तर पंधरा दिवसांत त्यानं दोऱ्यासारखं मूळ खाली सोडलं. मुलांना तुम्ही ते जादू दाखवावी तसं दाखवलंत. करोनात तुमच्या दारात रांग लागली. ज्याला त्याला गुळवेलीचा काढा हवा, तोही रोज, महिनोन् महिने. तुम्ही सात दिवसांवर कुणाला दिली नाहीत आणि कावीळ होऊन गेलेल्यांना मुळीच नाही. लोक रागावले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. तज्ज्ञांच्या त्या वादात पडायची माझी पात्रता नाही. पण ती बातमी वाचताना मला तुमचं मोजलेलं बोट आठवलं: सात, आणि बस्स.

गणपतीच्या आधी तुम्ही शाळेत आलात तो दिवस माझ्या मुलांना अजून आठवत असेल. एकवीस पत्री पाटावर मांडून तुम्ही एकेक पान हातात द्यायचात: आघाडा, डोरली, माका, शमी, मरवा. धोत्रा आणि कण्हेर आली तेव्हा थांबलात. "देवाला चालतं म्हणून आपल्याला चालत नाही," असं सांगून सगळ्या वर्गाला हौदावर हात धुवायला नेलंत. चौथीच्या परिसर अभ्यासात मी एवढं कधी शिकवू शकले नव्हते.

आता ती रात्र. काकी, ती आठवून लिहिताना आजही माझा हात कापतो.

२०१९ चा ऑक्टोबर, भात झोडून झालेलं. माझा मुलगा सहा वर्षांचा. पेंढ्याच्या उडवीत लपाछपी खेळताना त्याला विंचू चावला, तांबूस, लहानसा. मला आठवलं ते तुमचंच अंगण. गावातले लोक विंचवाला आघाड्याचं मूळ उगाळून लावतात, हे मी तीन वर्षं पाहिलेलं. मी सहाण घेतली, मूळ उगाळायला बसले. मनात थोडा अभिमानही होता, आपल्याला येतं म्हणून. तेवढ्यात तुम्ही आलात. मुलाच्या कपाळाला हात लावलात. त्याला दरदरून घाम सुटला होता, हातपाय गार पडले होते आणि तो ओकत होता. तुम्ही माझ्या हातातली सहाण काढून घेतलीत. "पाला नको. हा लाल विंचू. गाडी." पुतण्याला उठवून मिनिडोर काढायला लावलीत आणि महाडपर्यंत मुलाला मांडीवर घेऊन स्वतः बसलात.

दवाखान्यात प्राझोसिनची गोळी दिली, रात्रभर नाडी आणि रक्तदाब बघत राहिले. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की या विंचवाचं विष थेट हृदयावर येतं, लहान मुलांना सगळ्यात धोका, आणि इथे उगाळण्यात गेलेला तास जिवावर बेततो. या विंचवावर प्राझोसिन वापरायचं ते याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी जगाला दाखवून दिलं. त्यांना पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली. तेही आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. त्या सकाळी हे ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं. तिकडून इथे आलेल्या एका माणसाच्या कामामुळे तिकडून आलेलं माझं पोर वाचलं होतं, आणि त्याच्यापर्यंत वेळेत पोचवलंत ते तुम्ही.

परतताना मी विचारलं, "काकी, मग आघाडा लावतात तो कशाला?" तुम्ही म्हणालात, "काळ्या विंचवाला नाही लावला तरी माणूस जगतो. म्हणून आघाड्याचं नाव होतं." साठ-पासष्ट वर्षं पाला वापरलेल्या बाईनं स्वतःच्या अंगणातल्या झाडाबद्दल इतकं खरं बोलावं, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटायचं की तुमच्याकडून मी औषधं शिकते आहे. औषधं पुस्तकातूनही मिळाली असती. पण कुणाला आणि कधी द्यायचं नाही, हे मला तुमच्याकडूनच मिळालं. त्याबद्दल तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. मागितलेत ते फक्त बिया बांधायला जुन्या वह्यांचे कोरे कागद.

इकडचं सांगते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा आले. पायाला सूज, आणि कुणीतरी सांगितलेलं की पुनर्नवा द्या. ती इथे रस्त्याच्या कडेला कुठेही उगवते, तुमची वसू ती. मला देता आली असती. मी म्हटलं, आधी रक्तदाब बघा आणि लघवी-रक्त तपासा. ते जरा नाराजच होऊन गेले. तपासणीत मूत्रपिंडाचा त्रास निघाला, आता उपचार सुरू आहेत. परवा त्यांच्या सूनबाई गवती चहा मागायला आल्या, तेव्हा मूठभर दिला.

कुंड्यांपैकी कारिवणा मे महिन्यात गेला. ऊन त्याला सोसलं नाही, मी शेडनेट लावायला उशीर केला. वेखंड भोक नसलेल्या टबात चिखल करून ठेवला आहे, जगेल असं दिसतं. शतावरीला नवे कोंब आलेत, पानओव्याची दोनदा भजी झाली. अडुळसा तर इथे अंगणात असल्यासारखा वाढतो आहे आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. हिरव्या चिंधीची गुळवेल शेजारच्या निंबावर सोडली आहे. चिंध्या अजून काढल्या नाहीत.

मुलगा दहा वर्षांचा झाला. जोडे घालण्याआधी झटकतो, न सांगता.

मृगाचा पहिला पाऊस पडला की फोन करा. शेवळं निघाली असतील तर मी शनिवारची गाडी धरते. कारिवण्याची एक वेल विहिरीवरून काढून ओल्या फडक्यात ठेवा, आणि काकडं काढायला मला घेऊन चला. या वेळी भाजी मी करणार आहे.

तुमच्या माडीवरच्या
बाई