एक मेच्या आधी

शिकागो,
5 एप्रिल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार. चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

फोनवर बाबा स्पीकर लावतात, मागे टीव्ही चालू असतो आणि माझं अर्धंच बोलणं पोचतं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवते आहे. आई, आधी तुझ्यासाठी. माझी तब्येत उत्तम आहे. थंडी ओसरली. व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे. डेवॉन अॅव्हेन्यूवर ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, कढीपत्ता, सगळं मिळतं. तू दिलेला काळा मसाला अजून आहे, आणि मी तो जपूनच वापरते.

बाबा, काकांनी तुम्हाला विचारलं ना, "शाळेत आहे पण शिकवत नाही, मग करते काय?" त्यांना सांगा, बारावीची मुलं शाळेतून बाहेर पडून कुठे जाणार, हे त्यांच्यासोबत बसून ठरवणं हे माझं, म्हणजे शाळेतल्या काउन्सेलरचं, काम आहे. शिकागोच्या सरकारी शाळांनी 2020 च्या बॅचपासून नियम केला की पुढे काय करणार याचा पुरावा दिल्याशिवाय बारावी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही. मग तो पुरावा कॉलेजच्या प्रवेशाचा असेल, नोकरीचा, सैन्यभरतीचा, नाहीतर एखाद्या कामाच्या उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा. माझा एक विद्यार्थी इलेक्ट्रिशियनच्या युनियनकडे उमेदवारीला अर्ज करतो आहे. शिकत असतानाच पगार मिळतो. त्याच्या आईला ते कमीपणाचं वाटत होतं. तिच्याशी मी तासभर बोलले तेव्हा कुठे तिचा चेहरा मोकळा झाला. काउन्सेलरच्या राष्ट्रीय संघटनेने एका काउन्सेलरमागे 250 मुलं असावीत असं म्हटलंय. माझ्याकडे त्याहून बरीच जास्त आहेत, आणि कॉलेजला अर्ज करणाऱ्या बहुतेकांना माझं शिफारसपत्र लागतं. तेव्हा हे बसून गप्पा मारण्याचं काम नाही, एवढं काकांच्या कानावर घाला.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण मलाही ती समजायला बराच काळ लागला, आणि बाबा, कारखान्याच्या हिशेबखात्यात तुमची उभी हयात गेली, तुम्हाला ती पटकन कळेल. इथे कॉलेजची जाहीर केलेली फी ही खरी फी नसते. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांची फी वेगळी असू शकते. दुकानात साडीची घासाघीस करावी तसलं हे नाही, सगळं कागदावर चालतं. मुलाने शरद ऋतूत सरकारचा एक फॉर्म भरायचा, त्याचं नाव फाफ्सा. त्यात आई-वडिलांचं उत्पन्न, बचत, घरात माणसं किती, असं सगळं येतं. त्यावरून एक आकडा निघतो आणि त्यानुसार केंद्र सरकारचं अनुदान ठरतं. पेल ग्रँट म्हणतात त्याला, 2025-26 साली जास्तीत जास्त 7,395 डॉलर. ते परत करावं लागत नाही. वर राज्याचं अनुदान, वर कॉलेजचं स्वतःचं. सगळं वजा करून जे उरतं ती त्या मुलाची फी.

माझ्याकडे एक मुलगी आहे. आई हॉटेलच्या लाँड्रीत काम करते, वडील नाहीत. एका खाजगी कॉलेजचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च 68,000 डॉलर छापलेला होता. ती यादीतून ते नाव खोडायला निघाली होती. सरकारी विद्यापीठाचा खर्च निम्म्याहूनही कमी होता. मार्चअखेर दोन्हीकडची पत्रं आली. बाबा, खाजगी कॉलेजात तिला वर्षाला साधारण 6,000 भरायचे आहेत, आणि सरकारीत 12,000. नेहमी असं होतं असं नाही, पण होतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, पत्र येईपर्यंत कुठलंही नाव पैशांपायी खोडू नका. 2011 पासून कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर अंदाजे खर्च काढायची सोय ठेवावीच लागते, पण ती आहे हेच घरच्यांना माहीत नसतं.

आणि ती पत्रं वाचणं हे तर वेगळंच शास्त्र आहे. अनुदान आणि कर्ज एकाखाली एक, एकाच रकान्यात. वर लिहिलेलं, तुम्हाला मिळालेली मदत. काही पत्रांत आई-वडिलांच्या नावावरचं कर्जही त्याच बेरजेत घातलेलं असतं! 2022 साली सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने तपासणी केली, तेव्हा सुमारे 91 टक्के कॉलेजं विद्यार्थ्याला खरोखर किती पैसे भरावे लागतील हे एकतर सांगतच नव्हती किंवा कमी करून सांगत होती. मला याचा राग येतो, बाबा. सतरा वर्षांचं पोर, इंग्रजी नीट न येणारी आई, आणि समोर तो कागद. मी लाल पेन घेते आणि परत करायचे पैसे एका बाजूला, न करायचे दुसऱ्या बाजूला लिहून दाखवते. ओट्यावर वही पसरून तुम्ही मला दोन रकाने शिकवले होते ना, तेच.

आमच्या इलिनॉय राज्यात हा फाफ्सा फॉर्म भरल्याशिवाय, नाहीतर "भरणार नाही" असं लिहून दिल्याशिवाय शाळा पूर्ण होत नाही. काही घरांत वडील मुलाला उत्पन्न सांगत नाहीत. काहींकडे इथे राहण्याची कागदपत्रंच नसतात, ते घाबरतात. अशा मुलांसाठी राज्याचा वेगळा अर्ज आहे, 2020 पासून. तो घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे जाते.

टीव्हीवर व्हिसाच्या बातम्या लागल्या की तुम्ही काळजीत पडता, मला माहीत आहे. माझे कागद व्यवस्थित आहेत, शाळेच्या वकिलाने पाहिलेत. संध्याकाळी उशीर झाला तर एक सहकारी गाडीने सोडते. एकटी ट्रेनने येत नाही. (उन्हाळ्यात येते, पण तेव्हा नऊपर्यंत उजेड असतो.)

प्राचीच्या लग्नाचं. आत्याला तुम्ही समजावून सांगा, माझं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ती नाही. 1 मे ही इथे बहुतेक कॉलेजांना होकार कळवायची शेवटची तारीख. त्या आठवड्यात पन्नास घरांचे निर्णय माझ्या टेबलावर असतात. तुम्ही झेंडावंदनाला जाल तेव्हा इकडे मुलं आपापल्या कॉलेजचे टी-शर्ट घालून येतील आणि सगळी शाळा टाळ्या वाजवेल, उमेदवारीला जाणाऱ्यालासुद्धा. लग्न 3 तारखेला आहे, म्हणजे मला जमणं शक्य नाही. दिवाळीतही नोव्हेंबरच्या अर्जांमुळे आले नव्हते, आत्याने तेही बोलून दाखवलं. तिच्यासाठी आणि प्राचीसाठी आहेर पाठवते आहे. साडी आईनेच निवडावी, आत्याला आवडेल अशी.

ओंकार, तुझा मेसेज मी पाहिला, उत्तराला उशीर झाला. सीईटी तोंडावर आली आहे, आता बाकी काही मनात आणू नकोस. शनिवारी माझी रात्र म्हणजे तुझी रविवारची सकाळ, दर आठवड्याला तो तास तुझा, कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरेपर्यंत. बाबा, त्याला शेतकीला जायचंय. राहुरी नाहीतर कोल्हापूर म्हणतो. तुम्ही कॉम्प्युटरचं म्हणताय त्यामागचा विचार मला कळतो, पण तीन वर्षं तो मामाच्या शेतात ठिबकचं सगळं एकटा बघतोय, हे तुम्ही मला कौतुकाने सांगितलं होतं. कृपा करून मी त्याच्याशी बोलेपर्यंत काही ठरवू नका.

माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे आता साडेचार लाख उरलेत. डिसेंबरपर्यंत फिटतील, मग घरावरचा बोजा उतरवून घ्या. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करा. मी तेव्हा तिथे नसेन, मावशीला राहायला बोलवा. जुलैत तीन आठवडे येते आहे, हे तिकीट काढूनच लिहिते आहे. पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस शांत वाटतो. जुलैत भेटायला माझी हरकत नाही, पण त्यांना आधीच सांगा की नोकरी मी सोडणार नाही.

काळजी घ्या. बाबा, बीपीची गोळी रात्री.

तुमची,
मृणाल

ता. क. ऑपरेशनचे आणि गच्चीच्या गळतीचे मिळून एक लाख साठ हजार 10 तारखेपर्यंत बाबांच्या खात्यात येतील. मामाकडून उसने घेऊ नका.