विनियर आणि आजीचं कपाट

कोपनहेगन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आत साधं लाकूड आणि वरून सागाचं विनियर, मग ते सागवानी कसलं?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी घेतलेला साइडबोर्ड, म्हणजे बुटकं लांब कपाट, १९६०च्या आसपासचा आहे. पाय, कडेच्या पट्ट्या आणि मुठी भरीव सागाच्या, बाकी विनियर, म्हणजे साध्या बोर्डावर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा. पण बाबा, डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. तो सयाम (आताचं थायलंड) आणि ब्रह्मदेशातून यायचा. १८९७ साली इथे स्थापन झालेली ईस्ट एशियाटिक कंपनी सयामच्या सागाचा मोठा व्यापार करायची. इतक्या लांबून आलेल्या लाकडाचा पातळ पापुद्रा काढला की एका ओंडक्यात कितीतरी कपाटं सजतात. शिवाय इथे हिवाळाभर हीटर चालू असतो. कोरड्या हवेत रुंद भरीव फळी आक्रसते, तडकते. बोर्डावर चिकटवलेलं विनियर त्या मानाने जागच्या जागी राहतं. मला तरी ही फसवणूक वाटत नाही, लाकडाची कदर वाटते.

त्याची सरकती दारं तुम्हाला दाखवायला हवीत. सागाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवल्यात. दार ढकललं की ते खाचेतून वळत आतल्या बाजूला जातं, दुकानाचं शटर आडवं केल्यासारखं. मूठ वेगळी ठोकलेली नाही, त्याच लाकडात कोरून काढलीय. खणांचे कोपरे डव्हटेलचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे, खिळा एकही नाही. पाठही विनियर लावून पूर्ण केलीय, म्हणून खोलीच्या मधोमध ठेवला तरी चालतो. वरती एक फिकट चौकोन आहे. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी ठेवलेलं असणार, उजेड पोचलाच नाही. मी तो घासून काढणार नाही.

इथले बोर्गे मोगेन्सेन नावाचे डिझायनर कपाटं आखण्याआधी घडी घातलेले शर्ट, काटे-चमचे, ताटं यांची मापं घेत. आधी वस्तू मोजायच्या आणि मग खण ठरवायचे, हे मला फार पटतं. आपल्याकडे भिंतीच्या मापाने वॉर्डरोब होतो आणि पैठण्या कोंबाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. दादा आजीच्या कपाटावर सनमायका लावायचं म्हणतोय. कृपा करून त्याला थांबवा. ते कपाट भरीव सागाचं आहे, वर फक्त ऑइलपेंटचे थर चढलेत. आधी सुताराला आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, थोडा रंग खरवडून बघायला सांगा. लाकूड चांगलं निघालं तर सगळा रंग काढून तेलपॉलिश करू, खर्च मी पाठवते. बिजागऱ्या मात्र बदलू नका, त्या पितळी आहेत. आणि खणांची आतली मापं मला कळवा, आईच्या साड्या कशा बसतील ते आखून पाठवते.

आईला नमस्कार, दादा-वहिनीला आठवण.

तुमची,
धाकटी